गिटमध्ये एकाच कमिटचा विषय दोन ठिकाणी का वाचला जातो

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन; त्यात नोंदवलेला एकेक बदल म्हणजे कमिट, आणि कमिटच्या संदेशातलं वरचं शीर्षक म्हणजे त्याचा विषय. कोणत्याही गिट रेपॉझिटरीत, म्हणजे असा इतिहास असलेल्या फोल्डरमध्ये, या दोन आज्ञा देऊन बघा. (इथं सगळं देवनागरीत लिहिलंय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचं.)

गिट लॉग -1 --फॉरमॅट='%एई' मेन
गिट फॉर-ईच-रेफ --फॉरमॅट='%(ऑथरईमेल)' रेफ्स/हेड्स/मेन

दोन्हींत विचारलंय एकच, मेन शाखेच्या टोकावरच्या कमिटच्या लेखकाचा ईमेल. पहिली आज्ञा नुसता पत्ता छापते, दुसरी तोच पत्ता कोनी कंसात घालून छापते. कमिट ऑब्जेक्टमध्ये मूळ ओळ एकच आहे: ‘ऑथर’ हा शब्द, नाव, कोनी कंसात पत्ता, 1970 पासूनचे सेकंद आणि शेवटी +0530 सारखा टाइमझोन. उत्तरं दोन येतात, कारण ती ओळ वाचणारा कोडही दोन ठिकाणी आहे. लॉगचा प्रिटी.सी या फाइलमध्ये, फॉर-ईच-रेफचा रेफ-फिल्टर.सी मध्ये. दोघांनी ओळ आपापल्या सोयीनं तोडली, आणि एकदा लोकांच्या स्क्रिप्टा त्यावर उभ्या राहिल्या की ‘सोय’ कायमची होते. म्हणून पुढे कंस काढायला %(ऑथरईमेल:ट्रिम) असा वेगळा पर्याय द्यावा लागला. मूळ वागणूक कुणी बदलली नाही, बदलताही आली नसती.

गिटमध्ये अशा वेगळ्या चुली बऱ्याच आहेत. 2005 साली लिनस टोरवाल्ड्सनं गिट सुरू केलं तेव्हापासून लॉगची छपाई माणसाच्या डोळ्यांसाठी वाढत गेली. 2006 मध्ये फॉर-ईच-रेफ आलं ते स्क्रिप्टांसाठी (रेफ म्हणजे शाखा किंवा टॅग यांसारखं, ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारं नाव). म्हणून त्यात --शेल, --पर्ल, --पायथन, --टीसीएल असे पर्याय आहेत, म्हणजे छापलेलं मूल्य त्या त्या भाषेच्या अवतरणचिन्हांत बसून येतं. 2013 मध्ये कॅट-फाइल या ऑब्जेक्टची माहिती छापणाऱ्या आज्ञेच्या --बॅच-चेकला स्वतःचा फॉरमॅट मिळाला. गिट ब्रँच आणि गिट टॅग यांच्या याद्या छापायचा कोड तर आणखी निराळा होता.

शेवटच्या दोघांचं बऱ्यापैकी मार्गी लागलं. 2015 च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये फॉर-ईच-रेफच्या पोटातला कोड बाहेर काढून रेफ-फिल्टर.सी तयार झाली आणि ब्रँच, टॅग, फॉर-ईच-रेफ तिघंही हळूहळू तिच्यावर आली. फायदा लगेच दिसला: पूर्वी ब्रँचला येणारं --मर्ज्ड आणि टॅगला येणारं --पॉइंट्स-अ‍ॅट फॉर-ईच-रेफलाही यायला लागलं. तीन याद्यांचं काम एकच होतं, म्हणून ते जमलं. प्रिटी.सी आणि रेफ-फिल्टर.सी यांचं गाडं मात्र अजून पुरतं निघालेलं नाही.

एक सोपा उपाय नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सुचतो: रेफ-फिल्टरला दोन्ही भाषा शिकवू या. %(ऑथरनेम) चालतंच, %एएन ही चालू दे. इथं एक गंमत आडवी येते. फॉर-ईच-रेफमध्ये टक्क्यानंतर दोन हेक्स (सोळाच्या पायाचे) अंक आले तर त्या क्रमांकाचा बाइट छापला जातो. %00 म्हणजे शून्य बाइट, %0ए म्हणजे नवी ओळ. आता हेक्स अंकांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. लॉगमध्ये %एडी म्हणजे लेखनाची तारीख. फॉर-ईच-रेफमध्ये तेच %एडी म्हणजे 173 क्रमांकाचा बाइट. %एई, %सीडी, %सीई यांचं तेच. %एएन मधला एन हेक्स नसल्यामुळे ते जसंच्या तसं छापलं जातं. लॉगमध्ये बाइट हवा असेल तर मध्ये एक्स लागतो, %एक्स00. म्हणजे एकाच तीन अक्षरांना दोन्हीकडे आधीपासून अर्थ आहे आणि तो जुळत नाही. भाषा एक करायचा नाद तिथंच सोडून द्यावा. एक करायचं ते भाषेखालचं काम.

खालचं काम एक करायला गेलं की यंत्रणेतला फरक आडवा येतो.

प्रिटी.सी प्रवाही पद्धतीनं चालतं. कमिट येतं, फॉरमॅटची ओळ डावीकडून उजवीकडे वाचली जाते, प्रत्येक टक्क्याला फॉरमॅट_कमिट_वन हे फंक्शन बोलावलं जातं, ते थेट आउटपुटच्या बफरमध्ये लिहितं, पुढचं कमिट. फॉरमॅट दर कमिटला नव्यानं वाचला जातो. आळसही शिस्तीत केलाय: हेडर वाचलाय का, मजकूर वाचलाय का याच्या खुणा ठेवल्या आहेत, आणि नुसता हॅश, म्हणजे कमिटचा ओळख-क्रमांक, मागितला तर मजकुराला हात लावला जात नाही. लाखभर कमिटांचा लॉग झरझर वाहतो त्यात याचा वाटा मोठा आहे.

रेफ-फिल्टरचं उलट. फॉरमॅट सुरुवातीला एकदाच वाचला जातो, त्यातल्या प्रत्येक %(…) ची, ज्याला तिथं अ‍ॅटम म्हणतात, यूज्ड_अ‍ॅटम नावाच्या यादीत नोंद होते, पर्याय तिथंच तपासले जातात. मग प्रत्येक रेफसाठी त्या अ‍ॅटमांची मूल्यं तयार करून धरून ठेवली जातात. धरून ठेवावीच लागतात, कारण --सॉर्ट आहे. यादी लावल्याशिवाय छापता येत नाही. शिवाय %(अलाइन) … %(एंड) आणि %(इफ) … %(देन) … %(एल्स) … %(एंड) आहेत, त्यांच्यासाठी बफरांचा स्टॅक लागतो.

चुकीच्या फॉरमॅटला दोघं काय उत्तर देतात हा तिसरा फरक, आणि माझ्या मते सगळ्यात चिवट तोच. लॉगला न कळणारी खूण दिली तर तो ती जशीच्या तशी छापतो आणि पुढे जातो. फॉर-ईच-रेफ ‘अननोन फील्ड नेम’ म्हणून जागीच थांबतं. दोन्ही वागणुकी जुन्या आहेत, दोन्हींवर लोक विसंबून आहेत. सामायिक फंक्शननं काय करायचं, थांबायचं की सोडून द्यायचं? थांबणं सामायिक फंक्शनात घातलं की लॉग मोडला. सोडून देणं घातलं की फॉर-ईच-रेफ चूक लपवायला लागलं.

आतापर्यंत जे यशस्वी झालं ते सगळं छोट्या फंक्शनांच्या पातळीवरचं आहे. त्यातलं एक जवळून बघू.

गिट फॉरमॅट-पॅच पॅचच्या फाइलला नाव देतं ते कमिटच्या विषयावरून: 0001, मग डॅश, मग विषय, पण फाइलनावात चालेल असा सोललेला. लॉगमध्ये हाच सोललेला विषय %एफ नं मिळतो. हे काम प्रिटी.सी मधलं फॉरमॅट_सॅनिटाइझ्ड_सब्जेक्ट करतं. नियम साधा: रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोर ठेवायचे, बाकी जे येईल त्याच्या सलग पट्ट्याला एक डॅश, ओळीनं आलेली टिंबं एकच धरायची, शेवटचे टिंब-डॅश उडवायचे. 2020 मध्ये हेच फॉर-ईच-रेफला %(सब्जेक्ट:सॅनिटाइझ) म्हणून द्यायचं ठरलं. फंक्शन तयारच आहे, स्टॅटिक (फंक्शन त्याच फाइलपुरतं ठेवणारा सी भाषेतला शब्द) काढा आणि हेडर फाइलमध्ये जाहीर करा, झालं?

झालं नसतं. त्या फंक्शनचा लूप नवी ओळ दिसेपर्यंत चालायचा. प्रिटीच्या दृष्टीनं हे बरोबर होतं, पहिली ओळ संपली की काम संपलं. पण रेफ-फिल्टरला टॅगही हाताळावे लागतात आणि टॅगचा विषय दोन-तीन ओळींचा असू शकतो. तिथं पहिली रिकामी ओळ येईपर्यंतचं सगळं विषयात धरतात आणि मधल्या नव्या ओळींच्या जागी स्पेस घालतात. म्हणून आधी फंक्शनची सही बदलली: कुठे थांबायचं हे त्यानं स्वतः ठरवायचं नाही, लांबी बोलावणाऱ्यानं द्यायची. प्रिटी पहिल्या नव्या ओळीपर्यंतची लांबी देतं, रेफ-फिल्टर पूर्ण विषयाची. आणि लांबीच्या आत नवी ओळ सापडली तर तिची स्पेस करायची. या बदलानं लॉगच्या आउटपुटमध्ये एका बाइटचा फरक पडत नाही. तो स्वतंत्र कमिट म्हणून गेला आणि नवा पर्याय त्याच्यानंतरच्या कमिटमध्ये.

हा क्रम पाठ करण्यासारखा आहे. आधी वागणूक न बदलता फंक्शनचा आकार बदलायचा, मग दुसऱ्या ठिकाणाहून ते वापरायचं. दोन्ही एकाच कमिटमध्ये कोंबलं की तपासणाऱ्याला कळत नाही कुठली ओळ नुसती हलली आणि कुठली बदलली. नुसती हललेली ओळ ओळखायला गिट डिफ --कलर-मूव्ह्ड आहे; रिफॅक्टरचा कमिट त्यात बघितला तर नवा कोड रंगानं वेगळा उठून दिसायला हवा, आणि तो मोजक्याच ओळींचा असायला हवा.

जाता जाता, वरचा नियम मराठीवर लावून बघा. कमिटचा विषय निव्वळ देवनागरीत लिहिला तर एकही बाइट ‘रोमन अक्षर किंवा अंक’ या कसोटीला उतरत नाही आणि सोललेला विषय रिकामा येतो. पॅचच्या फाइलचं नाव होतं 0001, डॅश, टिंब, पॅच. पाच मराठी कमिटांच्या पाच फाइली फक्त क्रमांकानं ओळखायच्या. फंक्शन सामायिक झाल्यामुळे आता फॉर-ईच-रेफमध्येही नेमकी हीच मर्यादा आहे; आणि कुणी दुरुस्त केलीच तर एकाच ठिकाणी करावी लागेल.

दुसरं उदाहरण ट्रेलरांचं, आणि हे जास्त बोलकं आहे, कारण यात एक चूक तीनेक वर्षं दडून राहिली.

ट्रेलर म्हणजे कमिटच्या शेवटच्या ‘साइन्ड-ऑफ-बाय’, ‘रिव्ह्यूड-बाय’ असल्या ओळी. लॉगमध्ये %(ट्रेलर्स:की=रिव्ह्यूड-बाय,व्हॅल्यूओन्ली,सेपरेटर=…) असे भरपूर पर्याय होते, रेफ-फिल्टरला फक्त ओन्ली आणि अनफोल्ड हे दोन कळायचे. 2021 मध्ये प्रिटी.सी मधला पर्याय वाचणारा भाग फॉरमॅट_सेट_ट्रेलर्स_ऑप्शन्स या नावानं वेगळा काढला आणि रेफ-फिल्टरनं तो वापरायला घेतला. चुकीचा पर्याय आला तर काय, हा वरचा प्रश्न इथं अगदी नीट सोडवला आहे: फंक्शन स्वतः थांबतही नाही आणि काही छापतही नाही. ते फक्त अपयश परत करतं आणि न कळलेला शब्द एका जादा पॉइंटरमधून बाहेर देतं. प्रिटी त्या शब्दाकडे बघतच नाही, पूर्वीसारखी खूण तशीच छापतं. रेफ-फिल्टर तो शब्द घेऊन ‘अननोन %(ट्रेलर्स) आर्ग्युमेंट’ असा संदेश तयार करतं आणि थांबतं. की= लिहून पुढे काहीच दिलं नाही तर बाहेर द्यायला शब्द नसतो, त्या वेळी ‘की=<व्हॅल्यू> अपेक्षित होतं’ असा निराळा संदेश. निर्णय बोलावणाऱ्याचा, वाचन सामायिक. असल्या प्रत्येक ठिकाणी हाच साचा वापरावा.

चूक झाली ती मेमरीच्या आयुष्यात. ट्रेलरच्या पर्यायांत काही गोष्टी नुसत्या पॉइंटरनं धरलेल्या असतात: कोणकोणत्या की हव्यात त्याची यादी, सेपरेटरचा बफर. त्यांची जागा बोलावणाऱ्यानं सांभाळायची. प्रिटीमध्ये प्रश्न नाही. खूण आली, यादी बनवली, छापलं, यादी मोकळी केली. रेफ-फिल्टर पर्याय एकदाच वाचतं आणि शेवटपर्यंत वापरतं, म्हणून त्या याद्या टिकवून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथं एक स्टॅटिक, म्हणजे आज्ञा संपेपर्यंत टिकणारी, जागा केली. एकच. फॉरमॅटमध्ये एकच %(ट्रेलर्स) असेल तर सगळं ठीक. दोन घातले की बघा:

%(ट्रेलर्स:की=रिव्ह्यूड-बाय) | %(ट्रेलर्स:की=अ‍ॅक्ड-बाय)

दोन्ही अ‍ॅटम त्याच एका यादीत आपली की टाकतात, त्यामुळे दोन्ही रकान्यांत दोन्ही प्रकारच्या ओळी. सेपरेटर वेगवेगळे दिले असतील तर शेवटी वाचलेला दोघांनाही लागू. 2024 मध्ये ही जागा प्रत्येक अ‍ॅटमला वेगळी दिली तेव्हा हे मिटलं. मुद्दा असा की सामायिक केलेल्या फंक्शनमध्ये काही दोष नव्हता. ‘एकदा वापरून टाकायचं’ या गृहीतकावर लिहिलेलं फंक्शन ‘एकदा वाचून जपायचं’ अशा ठिकाणी नेलं, आणि टेस्टांमध्ये दोन ट्रेलर एकाच फॉरमॅटमध्ये कुणी घातले नव्हते. कोड हलवताना प्रत्येक पॉइंटरसाठी विचारावं: याच्यामागची जागा कोणाची, आणि ती कधी मोकळी होते? नवीन ठिकाणी तेच उत्तर येत नसेल तर थांबावं.

एकत्रीकरणामुळेच काम बिघडल्याचं उदाहरणही आहे. गिट ब्रँच -व्ही प्रत्येक शाखेपुढे शेवटच्या कमिटचा विषय दाखवते. 2017 च्या सुरुवातीला ती रेफ-फिल्टरच्या छपाईवर आली. रेफ-फिल्टर विषय आणि मजकूर यांच्यातली सीमा शोधायचं ते लागोपाठ दोन न्यूलाइन बाइट बघून. विंडोज पद्धतीच्या ओळी असलेल्या संदेशात प्रत्येक न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न असतो, त्यामुळे लागोपाठ दोन न्यूलाइन कधी येतच नाहीत. परिणाम: सगळा संदेशच विषय, मजकूर रिकामा, आणि शाखेच्या यादीत भलीमोठी ओळ, मध्ये कॅरेज रिटर्न तसेच. प्रिटीचा कोड ओळीच्या शेवटची रिकामी जागा छाटून मग ‘रिकामी आहे का’ विचारतो, म्हणून तिथं हा त्रास नव्हता. ब्रँच जुन्या कोडवर होती तोवर तिलाही नव्हता. 2020 मध्ये रेफ-फिल्टरला दोन्ही प्रकारची सीमा शिकवून दुरुस्ती झाली.

इतकी वर्षं हे का दिसलं नाही? गिट कमिट नेहमीच्या रीतीनं संदेशाची सफाई करतं, ओळींच्या शेवटची रिकामी जागा काढतं आणि त्यात कॅरेज रिटर्नही जातो. --क्लीनअप=व्हर्बेटिम दिलं किंवा गिट कमिट-ट्री थेट वापरलं तरच तो टिकतो. दुसऱ्या साधनांतून आलेल्या इतिहासात असे संदेश भेटतात.

म्हणून कोड एकत्र करायच्या आधी दोघांचं आउटपुट ताडून बघणं हेच पहिलं काम. टोकावरच्या कमिटांसाठी एवढं पुरतं:

गिट फॉर-ईच-रेफ --फॉरमॅट='%(ऑब्जेक्टनेम) %(सब्जेक्ट)' रेफ्स/हेड्स | एलसी_ऑल=सी सॉर्ट -यू > एक
गिट लॉग --नो-वॉक --ब्रँचेस --फॉरमॅट='%एच %एस' | एलसी_ऑल=सी सॉर्ट -यू > दोन
डिफ एक दोन

%एच मधला एच मोठ्या लिपीतला, म्हणजे पूर्ण हॅश. सॉर्ट -यू दोन्हीकडे लागतं: एकाच कमिटवर दोन शाखा असतील तर फॉर-ईच-रेफ दोनदा छापतं, लॉग एकदाच, शिवाय लॉग आपल्या मनानं तारखेनुसार क्रम लावतो. एलसी_ऑल=सी नसेल तर सॉर्ट लोकेलप्रमाणे वागतो आणि नसलेले फरक दाखवतो.

शाखांची टोकं म्हणजे इतिहासाचा कोपरा. पूर्ण इतिहास तपासायचा तर क्लोनची एक फेकाऊ प्रत घ्या, गिट रेव्ह-लिस्ट --ऑल मधून येणाऱ्या प्रत्येक हॅशसाठी ‘क्रिएट रेफ्स/तपास/हॅश हॅश’ अशी ओळ तयार करून गिट अपडेट-रेफ --एसटीडीइन ला द्या आणि लगेच गिट पॅक-रेफ्स --ऑल करा, नाहीतर हजारो बारीक फाइली पडून राहतात. मग वरच्या आज्ञांत रेफ्स/हेड्स च्या जागी रेफ्स/तपास आणि --ब्रँचेस च्या जागी --ग्लॉब=रेफ्स/तपास. विषय झाला की %(ऑथरईमेल:ट्रिम) विरुद्ध %एई, %(ऑथरडेट:युनिक्स) विरुद्ध %एटी असं करत एकेक जोडी घ्या.

खऱ्या इतिहासात न सापडणारे नमुने हातानं बनवावे लागतात. कॅरेज रिटर्नवाला संदेश, नुसता विषय आणि शेवटी न्यूलाइन नाही, पूर्ण रिकामा संदेश, दोन ओळींचा विषय, पीजीपी सही असलेला टॅग. आणि एक हमखास: विषयाखालची ओळ रिकामी न ठेवता तिच्यात दोन स्पेस टाका आणि व्हर्बेटिम कमिट करा. प्रिटी त्या ओळीला रिकामी धरतं. सलग दोन न्यूलाइन शोधणाऱ्याला ती रिकामी वाटत नाही आणि मजकूर विषयाला चिकटतो. दोघांतलं ‘बरोबर’ कोण हे ठरवल्याशिवाय हा कोड एक करता येणार नाही, आणि ते ठरवणं हे सी भाषेचं काम नाही.

बदलानंतर गिटच्या स्वतःच्या टेस्टा: मेक डेव्हलपर=1 नं बांधणी करा म्हणजे कंपायलरच्या सूचना चुका धरल्या जातात. टी फोल्डरमध्ये टी4205 लॉगच्या फॉरमॅटांची, टी6300 फॉर-ईच-रेफची, टी3203 ब्रँचच्या छपाईची, टी7004 टॅगची, टी1006 कॅट-फाइलची. पाचही चालवा, -व्ही -आय दिलं तर पहिल्या अपयशाला थांबतं आणि कारण दिसतं. रेफ-फिल्टरला हात लावून फक्त टी6300 चालवणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक, कारण ब्रँच आणि टॅग तिच्यावरच बसलेत हे लक्षातच येत नाही.

आता कॅट-फाइल. त्याचे अ‍ॅटम दिसायला रेफ-फिल्टरसारखेच: %(ऑब्जेक्टनेम), %(ऑब्जेक्टटाइप), %(ऑब्जेक्टसाइझ). कंससुद्धा तसेच. एकत्र करायला याहून चांगला उमेदवार नाही असं वाटतं, आणि प्रयत्न झालेही. 2021 मध्ये त्यासाठी रेफ-फिल्टरला %(रॉ) मिळालं, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर जसाच्या तसा. त्यात शून्य बाइट असू शकतो, म्हणून मूल्यासोबत लांबी वेगळी जपायची सोय करावी लागली. एसटीआरलेनवर (शून्य बाइटपर्यंतचीच लांबी मोजणाऱ्या सी च्या फंक्शनवर) विसंबलेलं सगळं तपासावं लागलं. %(रॉ) हे --शेल, --पायथन, --टीसीएल यांच्याबरोबर वापरायला मनाई आहे तीही त्यामुळेच. अ‍ॅटमांची नावं दर वेळी अक्षरशः ताडून बघण्याऐवजी एनम, म्हणजे प्रत्येक नावाला ठरलेला क्रमांक, आलं. हे सगळं मुख्य कोडमध्ये गेलं. पण कॅट-फाइल स्वतः रेफ-फिल्टरवर आणायचा शेवटचा टप्पा वेगावर अडकला.

कारण उघड आहे. कॅट-फाइल --बॅच-ऑल-ऑब्जेक्ट्स रेपॉझिटरीतल्या प्रत्येक ऑब्जेक्टवरून जातं, लाखो वेळा. त्याचा कोड आधी फॉरमॅट एकदा कोरडा चालवून बघतो की नेमकं काय काय लागणार. फक्त आकार हवा असेल तर फक्त आकार विचारतो. निव्वळ नाव हवं असेल तर ऑब्जेक्टला हातही लावत नाही. आणि मूल्य थेट आउटपुटच्या बफरमध्ये. रेफ-फिल्टर प्रत्येक मूल्याची आधी वेगळी स्ट्रिंग बनवतं, मग ती बफरमध्ये उतरवतं. दोनशे रेफांना याचं काही नाही. वीस लाख ऑब्जेक्टांना प्रत्येकी तीन मेमरी-वाटपं म्हणजे साठ लाख वाटपं, फक्त तीन शब्द छापायला. 2022 मध्ये तर उलट दिशेनं पाऊल पडलं: कॅट-फाइलचा नेहमीचा फॉरमॅट असेल तर टक्केवाल्या खुणा उलगडायच्याच नाहीत, सरळ छापायचं, असा खास रस्ता जोडला गेला. जाणूनबुजून केलेली पुनरुक्ती, आणि ती रास्त आहे.

त्याच वर्षी एलएस-ट्रीला --फॉरमॅट आलं आणि मग एलएस-फाइल्सलाही. दोन्हींचे अ‍ॅटम स्वतःचे, उलगडणारा कोड स्वतःचा. म्हणजे जुन्या चुली मोडायचं काम चालू असताना दोन नव्या पेटल्या. यावर नाक मुरडणं सोपं आहे, पण एलएस-फाइल्सला इंडेक्समधली (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या फाइलींच्या यादीतली) नोंद छापायची असते; तिथं ना रेफ आहे ना कमिट, आणि रेफ-फिल्टरच्या ढाच्यात ती बसवणं म्हणजे जोडकामच झालं असतं. तिथं जे खरंच सारखं होतं ते नंतर उचललं गेलं: 2023 मध्ये कॉलबॅकवर चालणारं जुनं एसटीआरबफ_एक्स्पँड जाऊन एसटीआरबफ_एक्स्पँड_स्टेप आलं, जे फक्त पुढच्या टक्क्यापर्यंत नेऊन सोडतं आणि बाकी सगळं बोलावणाऱ्यावर ठेवतं. 2024 मध्ये ‘ही खूण कळली नाही’ हे सांगणारा संदेशही एका छोट्या फंक्शनात गेला. अनुवाद करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी वाक्यंही तेवढी कमी झाली.

रकान्यांच्या रुंदीचं गणित मात्र पहिल्यापासून एकाच ठिकाणी, यूटीएफ8.सी मध्ये आहे. लॉगचं %<(20) आणि रेफ-फिल्टरचं %(अलाइन:20) दोन्ही तिथंच जातात. म्हणून देवनागरीत चुकतात तर दोन्ही सारखीच चुकतात. हलन्त आणि उकार शून्य रुंदीचे, काना एक रुंदीचा; ‘क्ष’ दोन घरांचा मोजला जातो, मग टर्मिनल तो एका घरात काढो की दोन. फरक आहे तो कापण्यात. लॉगमध्ये %<(20,ट्रंक) लिहिलं तर लांब विषय वीस घरांत कापून येतो; %(अलाइन) ला कापणं येत नाही, मजकूर लांब असेल तर तो रकान्याबाहेर सरळ पुढे जातो. प्रत्यक्ष कापणारं फंक्शन यूटीएफ8.सी मध्येच आहे, पण कुठे आणि किती कापायचं हे ठरवणारा कोड प्रिटी.सी मध्ये लिहिलेला आहे. तो बाहेर काढायला हात घालणाऱ्यानं आधी हे बघावं की %(अलाइन) च्या पोटात रंगाचे कोडही असू शकतात, आणि ते मधेच कापले तर टर्मिनलची पुढची सगळी ओळ लाल होते.